मेस्विज

"असा शब्दच नाही, ताई. टायपिंगची चूक आहे, कबूल करून टाका," शेजाऱ्याचा वकील म्हणाला. "'मेसेज' लिहायचं होतं की 'हाउस', देव जाणे. आपण नुसतं घर समजू."

"निरोपाचं खरेदीखत करतं का हो कुणी?" टायपिस्टताईंनी विचारलं. न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

जुन्या दस्तांच्या नकला टाइप करण्यात ताईंची एकतीस वर्षं गेली होती. आज त्या कोर्टात साक्षीला उभ्या होत्या, एका इस्त्रीवालीच्या घरासाठी. तिच्या आजेसासऱ्यांच्या खरेदीखतात घरासाठी तो एकच इंग्रजी शब्द होता. शेजारी म्हणत होता, घर तुझं; मागचं अंगण आणि खोली माझी. इस्त्रीचं टेबल त्याच खोलीत होतं आणि त्यावर तिघांचं पोट.

"मूळ खतातही हेच स्पेलिंग आहे, साहेब, messuage," ताई म्हणाल्या. "उच्चार 'मेस्विज'. आता वापरातून गेलाय. राहतं घर, त्याच्या जोडखोल्या, अंगण, सगळं त्यात येतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शहाणपणा करून मी तो 'सुधारला' होता. हेडक्लार्कनी अख्खा दस्त पुन्हा टाइप करायला लावला आणि हा कोश पुढ्यात आपटला. तेव्हापासून न कळलेला शब्द मी बघितल्याशिवाय सोडत नाही."

त्यांनी खूण घातलेलं पान उघडून दिलं. न्यायाधीश वाचू लागले, मग थबकले. "फ्रेंचमधल्या घरसंसाराच्या शब्दातला हातानं लिहिलेला 'एन' कुणीतरी 'यू' वाचला असावा, असं म्हणतात इथं. म्हणजे मुळात नकलेतलीच चूक?"

वकील लगेच पुढे सरसावला. "तेच तर मी म्हणतोय!"

"चूक असेलही," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण शेकडो वर्षं लोकांनी त्या शब्दावर घरं घेतली आणि दिली. ते काही चुकून राहिले नाहीत त्यांत."

दुपारी निकाल आला. अंगण आणि खोली घराबरोबरच.

इस्त्रीवाली ताईंच्या टेबलाशी आली. म्हणाली, "ताई, तेवढा तो शब्द लिहून द्या ना. मला वाचता येत नाही, पण घरात असू दे."

ताईंनी मशीन बाजूला सारलं, कोरा कागद घेतला आणि पेनानं सावकाश एकेक अक्षर काढलं. 'यू'पाशी त्या जरा थांबल्या. मग तो वरून चांगला उघडा ठेवला, कुणाला 'एन' वाटू नये असा.