दुधी भोपळ्याची चरबी

कोथरूडच्या सोसायटीचा हॉल भरदुपारी गच्च भरला होता. खुर्च्या संपल्या, तशा मागून आलेल्या बायका बंद दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मंचावर यंत्राची वायर सोडलेल्या निळ्या टबात नंदाताईंचे पाय होते आणि पाणी बघता बघता तांबूस झालं, मग चहाच्या चोथ्यासारखं काळपट. वर तेलकट तवंग.

"ही ताईंची वर्षानुवर्षांची चरबी," वैजनाथ सर माइकवर म्हणाले. "पाय टबात, मेद तळाशी, ब्लाउज बसेल पुन्हा अंगाशी!"

टाळ्या पडल्या. तळाशी जाणारा मेद वर कसा तरंगतो, हे कुणी विचारलं नाही.

टबाशेजारी पांढऱ्या एप्रनात उभी होती निकिता, नंदाताईंची लेक. लोणी काळभोरकडे डॉक्टरकी शिकत होती. सध्या तिची नेमणूक सुरीविना लठ्ठपणा उतरवणाऱ्या विभागात होती. तिथं ताट, झोप, चालणं, औषध असं सगळं शिकवत. पण तिथल्या पूर्णिमा मॅडमचा पहिला धडा वेगळाच होता. जाड माणसाला लाजवू नका. लाजलेलं माणूस भामट्याचं दार शोधतं.

आईला सगळ्यांनीच लाजवलं होतं. ऑफिसात, लग्नात, दवाखान्यात. घरातही तिच्या ताटावर नजरा असायच्या. मग वैजनाथ सर आले आणि म्हणाले, ताई, दोष तुमचा नाही. इतकं मायेचं तिच्याशी कोण बोललं होतं?

बाबा-बुवा असता तर आईने त्याला उंबऱ्यावरूनच परतवला असता. या घरात देव्हारा नव्हता, नवस नव्हता, मनगटाला गंडा नव्हता. पण हा टाय लावून आला. अंगारा नाही, वायर. मंत्र नाही, 'आयन'. आणि आईने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. आता सकाळी उठताना ती भिंत धरायची.

निकिता भांडली, तेव्हा आई शांतपणे म्हणाली होती, "तुझे पप्पा बुद्धविहारात काय सांगतात? बघितल्याशिवाय मानू नका. मी बघितलंय गं, माझ्या डोळ्यांनी."

आज आईने आग्रहानेच एप्रन घालून बोलावलं, सरांनी हात धरून मंचावर ओढलं. खाली साऱ्या ओळखीच्या काकू. बोलावं तर भरल्या सभेत आईची शोभा, गप्प राहावं तर या टबावर आपल्या एप्रनचा शिक्का. पाखरू जाळ्यात आणि जाळ्याची दोरी आईच्या हातात. आई तर कौतुकाने वर बघत होती.

"सांगा डॉक्टर," सरांनी माइक तिच्या तोंडाशी धरला. "आता ताईंना गोळ्यांची काय गरज?"

निकिता माइकमध्ये म्हणाली, "सर, हे विज्ञान आहे ना? मग एक टब पायांविना लावू या."

"नाही नाही, यंत्राला शरीर लागतं. मशीन जळेल."

रोज सकाळी रस करून प्यायला म्हणून बायकांना वाटायचे दुधी मंचावर टोपलीत होते. तिने एक उचलला. "मग हे शरीर."

हॉलमध्ये खसखस पिकली. सर वायर काढून घ्यायला वळले, तशा पुढच्या रांगेतल्या रतनकाकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "राहू द्या हो. दुधीला बारीक व्हायचंय."

निकिताने दुसऱ्या टबात स्वच्छ पाणी घेतलं, यंत्र त्यात सोडलं, सर टाकायचे तेवढंच मीठ टाकलं, ते तळव्यांना चोळायचे तेच तेल दुधीला चोळलं, तो पाण्यात ठेवला आणि बटण दाबलं. हॉल माना उंचावून बघत राहिला. पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, चोथ्यासारखं झालं. वर तवंग आला.

"मिठाच्या पाण्यात वीज सोडली की यंत्रातलं लोखंड गंजतं," ती म्हणाली. "हा रंग गंजाचा. तवंग सरांच्याच तेलाचा. तळपायातून चरबी गळत नाही. दुधीला तर चरबीच नसते."

सर तिची ऊर्जा नकारात्मक असल्याचं सांगू लागले. दोघीचौघी तरीही टबाकडे सरकल्या, म्हणाल्या, पण पाय हलके वाटतात. कोमट पाण्यात वाटणारच.

निकिता आईकडे बघायला धजत नव्हती. नंदाताईंनी पाय बाहेर काढले, पदराने पुसले आणि माइक मागितला.

"मी बघितलं होतं, पण पाय घालूनच," त्या म्हणाल्या. "न घालता बघायचं राहिलं." मग माइक तसाच हातात ठेवून लेकीला विचारलं, "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

बायांनो, आपलं अंग आपल्याला जड होतं, त्यात गुन्हा नाही. ते हळूहळू हलकं होतं. ताटाने, चालण्याने, झोपेने, लागेल तिथं औषधाने. कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा. पण त्यातून स्वतःला वगळून पुन्हा एकदा बघा. तरीही तो तसाच घडला, तर तो तुमच्या अंगात घडलेलाच नाही.