स्वयंपाकघरातली उलटतपासणी

"बाई, तुम्ही कामावर दिवसभर नुसत्या बसून असायचात, हे खरं ना?" ओट्याला टेकून, आवाज जाड करून मी विचारलं.

"आधी तो झारा खाली ठेव. वकील असे हातवारे करत नाहीत." आई मटार सोलत होती.

"उत्तर द्या!"

"बसायचे, साहेब. हृदयाच्या ऑपरेशनची रजा संपवून आले, तर माझं कापड कापायचं टेबल दुसरीला दिलेलं. मला संडासाच्या दाराशी एक स्टूल. काम काही नाही. उभी राहिले असते, तर नुसती उभी राहते म्हणून काढलं असतं."

मला हसू आवरेना. शिलाईच्या कारखान्याने तिला 'कामात लक्ष नाही' म्हणून काढलं होतं. तिने दावा लावला होता, आणि आता तिची साक्ष उद्यावर आली होती. आमची तालीम रोज चालायची. आजारपणाची रजा घेतली म्हणून काढलं, एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणावं, इतकंच तिला हवं होतं.

"तुम्ही खोटं बोलताय," मी नेहमीचा शेवट केला.

"एकदा तरी 'पटलं' म्हण की गं."

"विरुद्ध बाजूच्या वकिलाला कधी पटत नसतं, आई."

"कुठल्या जन्मीचा सूड उगवतेयस, मेले!" तिने एक दाणा मला फेकून मारला.

सकाळी ती उठली नाही. साक्षीसाठी इस्त्री केलेले कपडे खुर्चीवर तसेच राहिले.

दाव्यात वारस म्हणून माझं नाव लागलं. तारखांवर तारखा पडल्या आणि अखेर मी साक्षीला उभी राहिले. कारखान्याचा वकील मी वठवायचे त्यापेक्षा बराच मवाळ निघाला.

"आई दिवसभर बसूनच असायच्या ना?"

मी टेबल सांगितलं, स्टूल सांगितलं, ते दार सांगितलं. तिच्याच क्रमाने, तिच्याच शब्दांत. कुठेही अडखळले नाही. आजवर मी फक्त ऐकणाऱ्या बाजूला होते.

"तुम्ही खोटं बोलताय," तो म्हणाला.

आमच्या वकीलबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी तिच्यावर पर्स ठेवली होती. मी तिकडे पाहिलं.

"पटलं, आई."

न्यायाधीशांनी मान वर केली. "ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगा."

"पटलं," मी म्हणाले. "आजारपणाची रजा घेतली म्हणून माझ्या आईला कामावरून काढलं."