इटलीसाठी ठेवलेला बूट

मित्रांनो, मी जुना बूट आहे. डावा. उजवा माझा भाऊ, तो बोलत नाही, नुसता बरोबर असतो. आम्ही अमेरिकेत फ्रीमाँटला प्रतिमाकाकूंकडे राहतो.

काकूंनी घेतलं तेव्हा काय ऐट होती आमची! दुकानात चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "हे रोज नाही घालायचे. इटलीला जाऊ तेव्हा काढू." झालं. कागदात गुंडाळून, खोक्यात घालून, गॅरेजमध्ये वरच्या फळीवर. आधी सुट्टी मिळेना, मग मुलीचं लग्न, मग काकूंचा गुडघा बदलला. नऊ वर्षं गेली हो.

यंदा मे महिन्यात खोकं उघडलं आणि मला नाचावंसं वाटलं. बॅगेत थेपले नि मेतकूट बसावं म्हणून काकू विमानातही आम्हालाच घालून बसल्या.

इटलीत समुद्राकाठी मोंटेरोसो नावाचं गाव आहे. तिथून वेर्नाझ्झापर्यंत डोंगराच्या कडेनं पायवाट जाते. खाली निळंशार पाणी, वर लिंबाच्या बागा, आणि पायऱ्याच पायऱ्या.

"ट्रेननं पाच मिनिटं लागतात," रवींद्रकाका म्हणाले.

"तुम्ही जा ट्रेननं. गुडघा बदलला तेव्हाच ठरवलंय मी, हा रस्ता पायी जायचा."

आणि निघालो की! ट्रेन सोडून काकाही मागोमाग. दगड काय, माती काय, पायाखाली सगळं नवं. मी तर येडाच झालो होतो.

अर्ध्या वाटेत माझा सोल सुटला. चालून नाही, ठेवून ठेवून. आतल्या आत भुगा झाला होता माझा. काकू दगडावर बसल्या, डोळे भरून आले त्यांचे.

"मागे फिरू या," काका हळूच म्हणाले.

"मागेही तेवढंच आहे." काकूंनी नाक पुसलं. "तुमची नाडी काढा."

"कसली?"

"ट्रॅकपँटची."

"प्रतिमा, लोक आहेत."

"लोकांना मराठी येत नाही. काढा."

नाडीनं मला सोलसकट आवळलं, दोन गाठी. मग काय, काका एका हातानं पँट धरून, दुसऱ्या हातानं काकूंना धरून. मी फटक फटक वाजत होतो, पण एकही पायरी सोडली नाही. तासाभरानं खाली वेर्नाझ्झाचं बंदर दिसलं. काकू शेवटच्या उतारावर जवळजवळ पळाल्या. नव्या गुडघ्यानं!

बंदरावर कागदाच्या पुड्यात गरम तळलेली मासोळी मिळाली, वर लिंबू.

"अगदी मांदेली हो," काकू म्हणाल्या.

"मी कशानं खाऊ? हात पँटीला."

काकूंनी अख्ख्या बंदरासमोर काकांना घास भरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं काकाच म्हणाले.

आता मला नवा सोल बसवलाय. तुमच्या कपाटात कुणी नवंकोरं बसलं असेल ना मित्रांनो, तर त्याला आजच बाहेर काढा. चिखलात न्या, दगडावर घासा, झिजवा खुशाल. घरी आलात की ओलं फडकं फिरवा. आम्हाला तेवढं पुरतं.