मधली तोटी

विज्ञान केंद्रात धाकटी बहीण साबणाच्या फुग्यांचा प्रयोग दाखवायची. काचेची आडवी नळी, मध्ये तोटी, दोन टोकांना दोन फुगे: एक लिंबाएवढा, एक नारळाएवढा. तोटी उघडायच्या आधी ती विचारायची, हवा कुठून कुठे जाईल? लोक हमखास चुकायचे.

त्या दुपारी थोरला भाऊ आणि वहिनी आले ते तिचं उत्तर घ्यायला. तिची एक खोली विकायची, त्याचा फ्लॅट विकायचा आणि दोन्ही मिळून मोठं घर घ्यायचं, असा दादाचा बेत होता. त्या खोलीपलीकडे तिचं स्वतःचं असं काही नव्हतं.

"आधी हे सांग," ती म्हणाली. "तोटी उघडली तर?"

"त्यात काय! मोठा छोट्याला देणार."

तिने तोटी फिरवली. लिंबाएवढा फुगा आक्रसत गेला. मोठा आणखी फुगला.

"छोट्याचा पापुद्रा जास्त वळलेला असतो, आतल्या हवेला जास्त आवळतो," ती म्हणाली. "म्हणून आत दाब जास्त. वाट मिळाली की हवा मोठ्याकडे पळते."

"म्हणजे धाकटंच जास्त दाब देतं! लहानपणी आईला हेच सांगायचो मी," दादा हसला. "आणि मोठ्यात गेली म्हणजे काही वाया गेली नाही ना?"

"तिकडेही उरलंय की थोडं," वहिनीने बोट दाखवलं.

छोट्याच्या टोकाला घड्याळाच्या काचेसारखा उथळ फुगवटा उरला होता. दोन्हीकडचा बाक सारखा झाला की दाब जुळतो आणि हवा थांबते. धाकटीने हे सांगितलं नाही. वहिनीच पुढे म्हणाली, "वन्सं, नव्या घराच्या पॅसेजमध्ये तुमची कॉट बरोबर बसते. मोजून आलेय मी."

"मला खोली विकायची नाही."

दादाचं हसू गेलं. "बरं. उद्या अंथरुणाला खिळलीस तर या फुग्यांनाच हाक मार."

तो निघाला. वहिनी थबकली, मग तीही गेली.

पुढचा गट आत आला. धाकटीने दोन नवे फुगे केले, प्रश्न विचारला आणि तोटीवर हात ठेवून उभीच राहिली. लोक ओरडत होते, मोठा देणार, मोठा देणार. तोटी बंदच होती. साबणाचं पाणी ओघळून फुग्यांच्या तळाशी जमत होतं, वरचा पापुद्रा पातळ होत होता. छोटा फुगा आपला आपणच फुटला.

लोकांना वाटलं, हाच प्रयोग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.