सहा सेकंद

पंधरा वर्षं गोलपोस्टात उभ्या राहिलेल्या त्या माणसाला लोक अजून भिंत म्हणतात. आता भिंतच भिंतीच्या टाइल्स विकते, हा विनोद त्याने इतक्यांदा ऐकलाय की हसायचंसुद्धा जिवावर येतं. खेळाची एकच खोड अंगात उरली होती. त्याच्या काळी गोलकीपरने बॉल सहा सेकंदांत सोडायचा असा नियम होता, आणि अजूनही हातात काही घेतलं की तो मनात सहा मोजून खाली ठेवायचा.

दुकानात येणारा प्रत्येक जण काहीतरी फेकणारच. किल्ल्या, पाण्याची बाटली, एकाने तर नळच. याचे हात आपसूक वर जायचे, लोक खूश होऊन फोटो काढायचे आणि टाइल्स समोरच्या दुकानातून घ्यायचे.

उजवा खांदा दोनदा निखळलेला. पुन्हा निखळला तर हात सहा महिने गळ्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एरवी त्याने ते कानाआड केलं असतं. पण आज संध्याकाळी लेक तान्ह्या मुलीला घेऊन पहिल्यांदा येणार होती, आणि नातीला दोन्ही हातांत घ्यायचं, एवढंच त्याला हवं होतं.

दुपारी बिल्डर आला. चार मजली हॉटेलच्या सगळ्या बाथरूमचं काम होतं, त्यासाठी याने महिनाभर चपला झिजवल्या होत्या. बिल्डरने नमुन्याची टाइल हातात तोलली आणि मिश्कील हसत उजवीकडे उंच भिरकावली.

हात निघालेच होते. त्याने ते पाठीमागे नेले आणि बोटांत बोटं अडकवली. टाइलचे तुकडे झाले.

"भिंत पडली की हो," बिल्डर म्हणाला, आणि कळवतो म्हणून निघून गेला. कळवतो म्हणजे काय, हे धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. बायकोने झाडू आणला. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा, फार वाईट वाटलं.

संध्याकाळी लेकीने बाळ त्याच्या हातांत दिलं. त्याने ते छातीशी कवटाळलं, ओठ हलले, आणि लगेच तो बाळ परत द्यायला लागला. मैदानाच्या कडेला बसूनच लहानाची मोठी झालेली लेक. तिने हात पुढे केलेच नाहीत.

"इथे कुणी शिट्टी वाजवणार नाहीये, बाबा. धर अजून."

त्याने बाळ पुन्हा जवळ घेतलं.

"सात," तो पुटपुटला.