मोज्याच्या आतला हात

यिंद्राने नवऱ्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि तिथंच हात ठेवून म्हणाली, "आज तरी सांग त्यांना."

"औषध लागू पडतंय," ओटाकार म्हणाला. "आणि हातमोज्यात कोणाला काय दिसतंय?"

मोज्यात खरंच काही दिसत नव्हतं. डाव्या हाताला कंप सुटला होता तो वसंतात. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं ऑगस्टमध्ये. पण जाड कातडी मोजा कोपरापर्यंत चढवला की ओटाकार पुन्हा पहिल्यासारखा दिसायचा. गेली चाळीस वर्षं चेक देशातल्या मोराव्हियाच्या त्या टापूत शिकारी पक्षी बाळगणारा, तिथल्या शिकार मंडळातल्या निम्म्या लोकांना शिकवून तयार करणारा माणूस. कळायचं ते फक्त झोफ्काला. झोफ्का म्हणजे त्याचा बाज पक्षी. मादी, नारिंगी डोळ्यांची, नराच्या दीडपट. पूर्वी तासन् तास त्याच्या मुठीवर निवांत बसायची. आता सारखी पाय उचलून ठेवायची, जणू फांदीच हलतेय.

नोव्हेंबर संपत आला होता. बीट काढून झालेल्या शेतांवर पांढरं दहिवर पडलं होतं. मंडळाचा अध्यक्ष रादोस्लाव शिंग फुंकून झाल्यावर नेहमीचं बोलला, "एका सशामागे एकच पक्षी. बाकीच्यांनी पक्ष्यांच्या पायातल्या वाद्या घट्ट धरायच्या. आणि ओटाकार, तू या वर्षी दुसऱ्यांसाठी एखादा ससा ठेव, काय?"

"तुझा पक्षी ससा बघून पळतो, त्याला मी काय करू?" ओटाकार म्हणाला. सगळे हसले. रम घातलेला चहा संपवून आठ जण एका रांगेत शेत तुडवायला निघाले.

त्याच्या डाव्या बाजूला ब्लांका होती. सव्वीस वर्षांची. दोन वर्षं दर रविवारी त्याच्या अंगणात येऊन ती हे सगळं शिकली होती. पक्ष्याला मुठीवर कसं बोलवायचं, रोज वजन करून किती मांस द्यायचं, आणि चिडायचं कधीच नाही. तिची बाज-मादी मालिना दीड वर्षाची होती. अजून एकही ससा तिला मिळाला नव्हता.

पहिला ससा ओटाकारच्या पायाजवळूनच उठला. झोफ्काने झेप घेतली, आणि ओटाकारची बोटं उघडलीच नाहीत. पायातल्या वाद्या त्याच्या मुठीतच राहिल्या. झोफ्का उलटी लटकून पंख आपटत राहिली. ससा बांध ओलांडून गेला.

"झोप लागली का रे म्हाताऱ्या?" रादोस्लाव लांबून ओरडला.

"वादी अडकली!"

ब्लांकाने त्याला झोफ्काला सावरून बसवायला मदत केली. हळूच म्हणाली, "काका, हात गारठलाय का? थोडं थांबता का गाडीत?"

"तू तुझ्या पक्ष्याकडे बघ," तो खेकसला. तिच्याशी तो असा कधी बोलला नव्हता. ती गुमान आपल्या जागी गेली.

पुढे लसूणघासाचं शेत लागलं. तिथं ब्लांकासमोर दुसरा ससा उठला. मालिना सुटली, जमिनीलगत, सरळ. ससा वळला, तीही वळली, आणि दहिवरात दोघं लोळली. मालिनाने सशाचं डोकं पकडलं होतं.

"धरला! काका, तिनं धरला!" ब्लांका धावत सुटली. तिची टोपी मागे पडली.

शाबास पोरी, असं ओटाकारला ओरडायचं होतं. झोफ्का मुठीवर ओढ घेत होती. त्याने मूठ आवळली, सगळा जीव त्या मुठीत आणला, आणि आतून एक झटका आला. बोटं आपोआप उघडली.

"झोफ्का!"

ती गेली होती. सशाकडे नाही, मालिनाकडे. मालिनाचे पाय सशात रुतलेले. तिला वळताही आलं नाही. ब्लांका पोचेपर्यंत झोफ्काच्या नख्या मालिनाच्या मानेत शिरल्या होत्या. दोघींना वेगळं करायला ब्लांका आणि रादोस्लाव दोघांना गुडघ्यांवर बसावं लागलं. वेगळं झाल्यावर मालिनाची मान एका बाजूला पडली.

सगळे गोळा झाले. ब्लांका पक्षी मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं.

"तुम्ही सोडलंत तिला."

रादोस्लाव पटकन मध्ये पडला. "वादी तुटली असेल गं. मघाशीही अडकली होती. तुटली ना रे, ओटाकार?"

चाळीस वर्षांपासूनचा दोस्त वाट करून देत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ओटाकारने दातांनी धरून मोजा ओढून काढला आणि हात पुढे केला. तो सगळ्यांदेखत थरथरत होता, वाऱ्यात कागद फडफडावा तसा.

"वादी धड आहे," तो म्हणाला. "हात गेलाय माझा. ऑगस्टपासून माहीत आहे मला."

"ऑगस्टपासून?" ब्लांकाचा आवाज अगदी खाली आला. "आणि तरी तुम्ही माझ्या शेजारी चाललात?"

ओटाकार मोजा उचलायला वाकला.

संध्याकाळी शिकारीच्या रिवाजाप्रमाणे पाइनच्या फांद्यांवर ससे मांडले गेले, टोप्या उतरल्या, शिंग वाजलं. ओटाकार मागेच उभा होता. ब्लांका मालिनाला जाकिटात गुंडाळून केव्हाच निघून गेली होती. जाण्यापूर्वी तो तिला म्हणाला होता, "झोफ्का तू ने. तुझीच आहे आता." ती म्हणाली होती, "तिच्याकडे बघवणार नाही मला." झोफ्काला रादोस्लाव घेऊन गेला. पिंजरा गाडीत ठेवताना तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस, गाढवा," आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटाकार एकटाच बसने ब्लांकाच्या गावी गेला. ती घरामागे नासपतीच्या झाडाखाली खणत होती. जमीन गोठलेली, कुदळ नुसती टणटणत होती. जाकिटाचं गाठोडं बाकावर होतं. तो कुंपणापाशीच थांबला. आत येऊ का, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. कुदळ मागावी, तर हात कुठे होता?

तिने त्याला पाहिलं आणि खणत राहिली. बऱ्याच वेळाने कपाळ पुसून थांबली. मान वर न करता तिने विचारलं, "किती खोल घेऊ? कोल्हे येतात इथे."

"गुडघ्याच्या वर येईल इतकं," तो म्हणाला. "आणि वर दगड ठेव. सपाट."

ती पुन्हा खणू लागली. तो काम संपेपर्यंत कुंपणाबाहेर उभा राहिला. दगड ठेवून झाल्यावर ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. त्याला ये म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. पुढची बस दुपारची होती.