कोंबडीची चोच

वर्षअखेरीच्या जेवणात ताटातल्या कोंबडीची चोच ज्याच्याकडे वळलेली, त्याची नोकरी गेली. हाँगकाँगात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मालकाला तोंड उघडावं लागत नाही. माणूस मुकाट्याने खातो, हात पुसतो आणि घरी जातो.

थोंग फिल्म कंपनीत हे काम सेतो काम-होयकडे होतं. मालक थोरले थोंग मनाने मऊ. "सेतो, तूच बघ बाबा," म्हणायचे. सेतो बघायचा. सायकलवरून रिळांचे डबे वाहणारा हा गडी पुढे निर्माता झाला. मारामारीचे, भुतांचे, रडारडीचे, सगळे सिनेमे त्याने काढले. एकदा नायक रुसून गेला, तर त्याच्या भावाला पाठमोरा उभा करून सिनेमा पुरा केला. पुष्कळांना त्याने मोठं केलं आणि पुष्कळांपुढे कोंबडीही ठेवली.

आता थोरले गेले होते. कॅनडात वाढलेला मुलगा चुन-किट मालक झाला होता. धंदा बसला होता, नव्या वर्षात एकच सिनेमा निघणार होता. एक तर सेतोचा, जुन्या नाटकमंडळीवरचा. नाहीतर दिग्दर्शक मोकचा, गुंडांचा. निकाल आज जेवणानंतर. हा सिनेमा हुकला तर पुन्हा आपल्याला कोणी विचारणार नाही, हे सेतोला पुरतं कळत होतं.

म्हणून दुपारीच तो हॉटेलात जाऊन वाढप्याला बजावून आला होता, "चोच मोकच्या खुर्चीकडे. चुकायचं नाही." मोक तापट. चोच दिसली की ताट सोडून उठेल, मालकाला चार शिव्या घालेल. मालकाला यातलं ओ की ठो कळणार नाही.

"काका, तुमच्या सिनेमात नायिका कोण?" जेवायला बसल्यावर मोकने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "माझी आजी सध्या रिकामीच आहे."

टेबल हसलं.

"तुझ्या सिनेमात तर सगळेच गोळी खाऊन मरतात," सेतो म्हणाला. "वाचतो तो प्रेक्षक. कारण तो येतच नाही."

यावर कोणी हसलं नाही.

कोंबडी आली. टेबलाच्या मधल्या फिरत्या काचेवर वाढप्याने ताट ठेवलं. चोच बरोबर मोकच्या छातीवर रोखलेली. मोकचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो खुर्ची मागे सारणार, तेवढ्यात चुन-किट उठला.

"आधी वडीलधाऱ्यांना!" म्हणत त्याने मोठ्या आदराने काच फिरवली.

चोच सेतोपुढे येऊन थांबली.

पलीकडच्या टेबलावरचे लाइटवाले माना उंच करून बघू लागले. चुन-किटने कोंबडीची कापलेली मुंडीच उचलून सेतोच्या वाडग्यात ठेवली.

"घ्या ना काका!"

कपडेपटातली सिन ताई समोरच बसली होती. "खा की," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने खाल्ली होती. तुम्हीच वाढली होती."

"काय झालं?" चुन-किटला कळेना. मोक त्याच्या कानाशी लागला. पोराचे कान लाल झाले.

"काका, शपथ! मला ठाऊक नव्हतं!"

सेतोच्या जिवात जीव आला. पण चुन-किट वाढप्याकडे वळला. "पण आधी ती मोककडे का होती?"

"सेतो साहेबांनीच सांगितलं होतं," वाढपी म्हणाला.

चुन-किटने सगळ्यांकडे पाहिलं. खाली घातलेल्या तोंडांवर समाधान दिसत होतं. पोरगा खाली बसला. त्याने नॅपकिन नीट मांडीवर पसरला.

"बाबा म्हणायचे, सेतो तूच बघ," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही बघितलंत, काका. चोच तुमच्यापुढे थांबलीय, आता मी मोडता कशाला घालू?"

मोकने सेतोच्या पेल्यात चहा ओतला, काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत; पाहुण्याला 'आता निघा' सांगायची ती रीत.

सेतोने मुंडी वाडग्यातून उचलली आणि परत ताटात खोचली. मग दोन्ही हातांनी काचेला असा धक्का दिला की सॉसच्या वाट्या उडाल्या. चोच गरगर फिरू लागली. मोक मागे सरकला. सिन ताईने अंग चोरलं. मालकानेही मान बाजूला घेतली, त्यालाही आता कळू लागलं होतं.

सेतोने खुर्चीवरचा कोट उचलला. दारापाशी पोचला तरी मागे काच फिरतच होती. ती थांबवायला हात पुढे करायची कोणाची छाती होत नव्हती.